कितवा नंबर आला?

आपल्या भागातले मूल परगावी स्पर्धेला जाऊन आले, की बसमधून उतरल्यापासून घरचा उंबरा ओलांडेपर्यंत त्याला दहा जण एकच प्रश्न विचारतात. मराठी बोलणारे म्हणतात, ‘कितवा नंबर आला?’ कन्नड बोलणारे म्हणतात, ‘एष्टने नंबर बंतु?’ भाषा दोन, प्रश्न एकच. खो-खो असो, भाषण असो, गणित असो, फरक नाही. तिथे तुझ्याशेजारी कोण बसले होते, जेवायला कोणाबरोबर होतीस, रात्री झोप लागली का, हे कुणी विचारत नाही. फार तर आज्जी एवढेच विचारते, की पोटभर खाल्लेस का गं. आज्जीचा प्रश्न मला नेहमीच जास्त शहाणपणाचा वाटत आला आहे.

वाचकहो, मी इतिहासाचा माणूस. गणिताशी माझा संबंध दहावीच्या निकालाबरोबर संपला, आणि दोघांनाही त्याचे दुःख झाले नाही. पण मुलांना गणिताच्या स्पर्धेला न्यायचे म्हटले, की गणिताच्या सरांच्या मागे नेमकी परीक्षेची ड्यूटी असते, आणि सोबतीला जाण्याचे काम माझ्याकडे येते. पेपर सुरू झाला की सोबत्याला करण्यासारखे काही नसते. तो दाराबाहेर बाकावर बसतो आणि मुले बघतो. आजचा लेख हा असा बाकावर बसून पाहिलेला आहे.

आमच्या कॉलेजातली एक मुलगी, पीयूसीच्या पहिल्या वर्षाला. घरात मराठी, दहावीपर्यंत शाळा कन्नड माध्यमाची, आणि आता पुस्तके इंग्रजी. आपल्याकडे असे घर नवे नाही. निंबर्ग्यात आणि आळंदच्या पट्ट्यात हाक एका भाषेत आणि उत्तर दुसऱ्या भाषेत हा रोजचा व्यवहार आहे. बंगळूरच्या एका गणित स्पर्धेसाठी तिची निवड झाली. मी घरी गेलो तेव्हा तिचे वडील अंगणात ज्वारीची पोती मोजत होते. चहा झाला, शेतीचे बोलणे झाले, मग ते म्हणाले, ‘सर, गणित ती घरात बसूनबी करती की. त्याच्यासाठी एवढं लांब कशाला?’

हा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवतो, कारण तो खोटा नाही. कबड्डीला समोर दुसरी टीम लागते. नाटकाला प्रेक्षक लागतात. गणिताला काय लागते? कागद, पेन्सिल आणि शांतता. मग आठशे रुपये तिकिटाला घालून, मुलीला दोन रात्री बाहेर ठेवून, जायचे कशाला? वडिलांच्या बोलण्यात मुलीची काळजी होती, पैशाची होती आणि लोक काय म्हणतील याचीही होती. शेवटी मुलीची मावशी म्हणाली, ‘मी जाते संगं.’ तेव्हा कुठे होकार मिळाला. मावशी कलबुर्गीच्या पलीकडे कधी गेलेली नव्हती, पण तिच्या शब्दाला घरात वजन होते.

कलबुर्गीहून संध्याकाळी उद्यान एक्सप्रेसमध्ये बसलो. तीन विद्यार्थी (दोन मुली, एक मुलगा), मावशी आणि मी. सहावे सोलापूरहून बसलेले कापडाचे एक व्यापारी. समोरासमोरच्या तीन-तीन बर्थवर बरोबर सहा माणसे. गाडी शहाबादच्या पुढे गेली असेल नसेल, मुलगी मला म्हणाली, ‘सर, कुठलीबी सहा माणसं घ्या. त्यात तिघं तरी एकमेकांच्या ओळखीची असणार, न्हाईतर तिघं तरी एकमेकांना अनोळखी असणार. असणारच.’

व्यापारी म्हणाले, ‘आता तुम्ही पाच जण एकाच गावचे. ह्याला काय अर्थ आहे?’

‘मग कुठलीबी सहा घ्या की काका. पंढरपूरच्या वारीतली घ्या.’ आणि तिने समजावले. एक माणूस धरा. राहिले पाच. या पाचांपैकी निदान तिघे त्याच्या ओळखीचे असतील, नाहीतर निदान तिघे अनोळखी असतील. पाचाचे दोन वाटे केले तर एका वाट्यात तीन येणारच. समजा तिघे ओळखीचे निघाले. त्या तिघांत कोणी दोघे जरी एकमेकांना ओळखत असले, तर ते दोघे आणि पहिला माणूस मिळून झाले तिघे ओळखीचे. आणि तिघांत कोणीच कोणाला ओळखत नसेल, तर ते तिघेच अनोळखी. पहिल्याला तिघे अनोळखी निघाले तरी हाच हिशेब, फक्त उलटा. व्यापारी थोडा वेळ बोटे मोजत बसले. मग म्हणाले, ‘खरं आहे की हो.’ आकडा नाही, सूत्र नाही, आणि तरी हे गणित. हा प्रश्न हंगेरीतल्या शाळकरी मुलांच्या जुन्या स्पर्धेत १९४७ साली विचारला गेला होता, हे मला नंतर आमच्या गणिताच्या सरांनी सांगितले.

त्यानंतर ६१७४ चा खेळ झाला. कोणताही चार आकडी अंक घ्या, चारही आकडे सारखे नकोत. आकडे मोठ्यापासून लहान लावा, लहानापासून मोठे लावा, आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तेच करा. ३५२४ घेतला, तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च राहतो. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोहोचतोच. व्यापाऱ्यांनी आपल्या स्कूटरचा नंबर घालून पाहिला, मावशीने तिकिटावरचा. मावशीची वजाबाकी माझ्यापेक्षा लवकर होत होती. बचत गटाचा हिशेब तिच्याकडे असतो.

हा अंक ज्यांनी शोधला ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत मास्तर होते. १९०५ साली डहाणूला जन्मले, १९३० ते १९६२ शाळेत शिकवले. मोठे विद्यापीठ नाही, हाताखाली कोणी नाही. कागद आणि पेन्सिल घेऊन घरात बसून करायचे गणित म्हणतात ते हेच. पण हेच कापरेकर गणिताच्या परिषदा भरत तिथे जात. ६१७४ त्यांनी १९४९ साली मद्रासच्या परिषदेत मांडला. आपल्याकडच्या पुष्कळ विद्वानांना ते आकड्यांशी खेळणारे मास्तर वाटले. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी आपल्या प्रसिद्ध सदरात त्यांच्याबद्दल लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर गेले. तोवर मास्तर सत्तरीला आले होते. मुलीच्या वडिलांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला इथे दिसते. गणित घरात होते. पण ते ऐकणारे माणूस घरात असेलच असे नाही, आणि त्यासाठी रेल्वेचे तिकीट काढावे लागते.

सकाळी बंगळूरला उतरलो. आता जे सांगतो ते जरा सविस्तर सांगतो, कारण पेपरात काय होते ते मला सांगता यायचे नाही, पण हे मी पाहिले.

दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये दीडएकशे मुले होती. शहरातली मुले चार-चार, सहा-सहांच्या घोळक्यात उभी होती. एकाच शिकवणीला जाणारी असल्यामुळे आधीच ओळखीची. आमच्या मुलीच्या शेजारी एक मुलगी आली आणि इंग्रजीत विचारले, तू कुठल्या क्लासची? ती म्हणाली, पीयूसी फर्स्ट इयर, सायन्स. पलीकडचे दोघे हसले. प्रश्न शिकवणीचा होता. शिकवणी नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न, गाव कुठले? निंबर्गा. ते कुठे? कलबुर्गी जिल्हा. ‘ओ, गुलबर्गा!’ आणि बोलणे तिथेच संपले. (आपल्या गावाचे हे नेहमीचेच. महाराष्ट्रात सांगितले तर विचारतात, निंबर्गी महाराजांचे का? ती निंबर्गी विजापूरकडची.)

मग तिने कन्नडमध्ये पाणी मागितले. आपल्याकडे मागतो तसे, ‘नीर कोड्री’. वाढणाऱ्या माणसाने काहीतरी विचारले, तिने ‘हौद्री’ म्हटले. मागे रांगेतला एक पोरगा तोच सूर काढून ‘हौद्री, हौद्री’ म्हणाला. वाईट मनाने नव्हे. त्या वयात पोरे करतात तशी नक्कल. पण ती मुलगी त्या क्षणापासून संध्याकाळपर्यंत कन्नड बोलली नाही. इंग्रजी येत होते, पण तेही बोलली नाही. ताट घेऊन खांबाच्या आडोशाला जाऊन बसली.

सीमेवरच्या घरांना हे ठाऊक आहे. आपले कन्नड बंगळूर-मैसूरला गेले की खेड्याचे ठरते. आपले मराठी पुण्याला गेले, आणि तोंडून एकदा ‘जायलालो’ किंवा ‘करायलालो’ निसटले, की समोरचा ओठ दाबतो. ज्या मुलाला दोन भाषा येतात त्याला दोन्हीकडे एकेक भाषा नीट येत नाही असे ऐकावे लागते. हे घरात आपण हसण्यावारी नेतो. सोळा वर्षांचे मूल एकटे असताना ते हसण्यावारी जात नाही. त्या दुपारी त्या मुलीच्या डोक्यात गणित नव्हते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर होता.

मला राग आला होता, आणि मास्तरांना राग आला की ते उपदेश करतात, तसा मी करायला निघालो होतो. तेवढ्यात मावशीने संध्याकाळी वसतिगृहाच्या व्हरांड्यात गाठोडे सोडले. कडक भाकऱ्यांची चळत आणि शेंगाहिंडीचा डबा. सोबत दही हवे म्हणून ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि तिला येते तेच कन्नड बोलून वाटीभर दही घेऊन आली. तिच्या हौद्रीला कोणी हसले नाही, की हसले असेल तर तिला पत्ता नव्हता. ‘बर्री, ऊटा माड्री,’ म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मुलीला ती बोलवत होती. पापडासारखी मोडणारी भाकरी कारवारच्या एका मुलीने कधी पाहिली नव्हती. शिवमोग्ग्याची एक बसली. मग एक निपाणीकडची आली, शेंगाहिंडीची चटणी ओळखून मराठीत म्हणाली, ‘अय्या, तुम्ही मराठी?’

त्यानंतर मला तिथे काही काम उरले नाही. पण ऐकू येत होते ते सांगतो. निपाणीच्या मुलीची शाळा मराठी माध्यमाची, कन्नड बेताचे. आमचीची कन्नड माध्यमाची. दोघी उद्याच्या तयारीला बसल्या, आणि शब्दांवर अडल्या. एक म्हणे त्रिकोण, दुसरी म्हणे त्रिभुज. एक म्हणे वर्तुळ, दुसरी म्हणे वृत्त. मराठी पुस्तकातली मूळ संख्या म्हणजे कन्नड पुस्तकातली अविभाज्य संख्या. इथवर ठीक होते. मग आमची म्हणाली, ह्या संख्येची अपवर्तने काढू. दुसरी म्हणाली, अपवर्तन तर प्रकाशाचे असते, काचेतून जाताना! कन्नड गणिताच्या पुस्तकात अपवर्तन म्हणजे अवयव, आणि मराठी विज्ञानाच्या पुस्तकात अपवर्तन म्हणजे किरणाचे वाकणे. संस्कृतातून आलेला शब्द एकच, पण दोन राज्यांच्या पाठ्यपुस्तक मंडळांनी त्याला दोन नोकऱ्या दिल्या. दोघी इतक्या हसल्या की वॉर्डनबाई बाहेर आल्या. पेपर इंग्रजीत होता हा भाग वेगळा.

इतिहासाचा माणूस म्हणून मला त्या वेळी मळखेड आठवले. कलबुर्गीहून वाडीला जा, तिथून सिकंदराबादच्या रस्त्याला लागा. सेडमच्या अलीकडे कागिणा नदीकाठी पडका किल्ला आहे. हीच राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. नवव्या शतकात अमोघवर्षाच्या राज्यात महावीराचार्यांनी संस्कृतात ‘गणितसारसंग्रह’ लिहिला, आणि त्याच अमोघवर्षाच्या दरबारात ‘कविराजमार्ग’ हा कन्नडातला उपलब्ध सर्वांत जुना ग्रंथ झाला. महावीराचार्यांना आकड्यांच्या माळांचा नाद होता. १४२८५७१४३ ला ७ ने गुणा, १००००००००१ येतात. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणा, १२३४५६५४३२१ येतात. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, सारखेच. त्यांचा ग्रंथ पुढे अकराव्या शतकात पावुलूरी मल्लन यांनी तेलुगूत नेला. आपल्या जिल्ह्यातले गणित शेजारच्या भाषेत जायला परवानगी मागत बसले नव्हते.

आणि भाषेची ही अडचण जगाच्या पातळीवर कशी सोडवली आहे, हे पालकांनी ऐकण्यासारखे आहे. शाळकरी मुलांच्या गणिताची सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड. १९५९ साली रुमानियात सात देशांनी सुरू केली. आता शंभराहून अधिक देश येतात. भारत १९८९ साली पहिल्यांदा गेला, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावी. एका देशाची जास्तीत जास्त सहा मुले (हो, पुन्हा सहाच). दोन दिवस, रोज साडेचार तास आणि तीन प्रश्न. प्रत्येक देशाचे प्रमुख शिक्षक आधी जमतात, प्रश्न ठरवतात, आणि बसून आपापल्या भाषेत त्यांचे भाषांतर करतात. मुलाला पेपर आपल्या भाषेत मिळतो आणि उत्तरही आपल्या भाषेत लिहिता येते. म्हणजे जगातली सर्वांत अवघड शालेय परीक्षा मुलाला आधी इंग्रजी सुधारून ये असे म्हणत नाही. शिवाय पेपर संपेपर्यंत या प्रमुख शिक्षकांना मुलांपासून वेगळे ठेवतात. हा नियम प्रश्न फुटू नयेत म्हणून आहे, पण काही पालकांनाही लागू करावा असे मला बाकावर बसून वाटत आले आहे.

१९९६ साली हे ऑलिंपियाड आपल्या मुंबईत भरले होते. ७५ देशांची ४२४ मुले जुलैच्या पावसात मुंबईला आली. पैकीच्या पैकी, म्हणजे ४२ गुण, एकट्या रुमानियाच्या चिप्रियान मनोलेस्कू या मुलाला मिळाले. एक मुलगा. बाकी ४२३ मुलांना ‘कितवा नंबर’ या प्रश्नाला ‘पहिला’ हे उत्तर देता आले नाही, आणि ती सगळी आपापल्या देशातली निवडक मुले होती. या स्पर्धेत पदकेही जास्तीत जास्त निम्म्या मुलांनाच देतात. पेपर झाल्यावर त्या मुलांना फिरायला नेतात, दोन-तीन दिवस नुसते एकमेकांत मिसळू देतात. निकाल लागायच्या आधीचे हे दिवस मुद्दाम राखून ठेवलेले असतात.

नंबराचे हे वेड आपल्याकडे कुठून आले याचा विचार करताना मला रँग्लर परांजपे आठवतात. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, दापोलीजवळच्या मुर्डीचे. १८९६ साली सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले. त्या काळी समुद्र ओलांडणाऱ्याला घरी आल्यावर प्रायश्चित्ताची गोष्ट काढली जाई. आपल्या मुलीच्या बंगळूरच्या तिकिटावर घरात जेवढी चर्चा झाली, त्याच्या शंभरपट त्या काळी होत असेल. केंब्रिजची गणिताची परीक्षा नावाला परीक्षा, पण प्रत्यक्षात शर्यत होती. पहिल्या वर्गात येणारे ते रँग्लर, आणि त्यांची नावे नंबराप्रमाणे सिनेट हाउसमध्ये मोठ्याने वाचली जात. १८९९ साली परांजपे आणि जॉर्ज बर्टविसल हे दोघे बरोबरीने पहिले आले. पहिला येणारा पहिला भारतीय. ‘रँग्लर’ हा शब्द मराठीत पदवीसारखा त्यांच्या नावामागे कायमचा लागला. आपल्या कन्नड वाचकांचेही एक रँग्लर आहेत: गोकाक तालुक्यातल्या ममदापूरचे दा. चिं. पावटे, जे पुढे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे कुलगुरू आणि नंतर १९६७ ते १९७३ पंजाबचे राज्यपाल झाले.

पण केंब्रिजने स्वतः ही नंबरवारी १९०९ नंतर वाचणे बंद केले. नंबरासाठी केलेली घोकंपट्टी खऱ्या गणिताला मारते असे ज्यांचे म्हणणे होते, त्यांत रामानुजनना बोलावून घेणारे हार्डी आघाडीवर होते. हार्डींचा स्वतःचा नंबर १८९८ साली चौथा होता. मॅक्सवेल आणि केल्व्हिन हे दोघे दुसरे आले होते. त्या वर्षी त्यांच्यापुढे कोण होते, हे आज सांगायला इतिहासाच्या माणसालाही पुस्तक काढावे लागते. मुलींचे तर नावच मुख्य यादीत घेत नसत. १८९० साली फिलिपा फॉसेट हिला सगळ्या मुलांपेक्षा जास्त गुण मिळाले, तेव्हा तिचे नाव वेगळे वाचून ‘सीनियर रँग्लरच्या वर’ एवढेच म्हटले गेले. मुली आजही या स्पर्धांत थोड्याच असतात. म्हणूनच २०१२ पासून युरोपात मुलींचे वेगळे गणित ऑलिंपियाड भरते, आणि २०१५ पासून भारताच्या मुली तिथे जातात.

परांजपे यांच्याबद्दल एक धागा राहिला. त्यांच्या नावाचे गणिताचे एक बक्षीस होते. ते १९२७ साली फर्ग्युसनमधल्या एका विद्यार्थ्याला मिळाले. तो विद्यार्थी म्हणजे देवळालीचे आपले कापरेकर मास्तर.

आता आमच्या मुलीचे सांगतो. निकाल लागला. निवडलेल्यांच्या यादीत आमच्या तिघांपैकी कोणाचेही नाव नव्हते. सहापैकी दीड प्रश्न सुटला असे तीच म्हणाली. अर्धा कसा सुटतो ते मला कळले नाही, पण गणितात सुटतो म्हणे. आळंदला बसमधून उतरल्यावर ओळखीच्या पहिल्या माणसाने विचारले, कितवा नंबर? ती म्हणाली, ‘आला न्हाई.’ एवढेच. मावशी मात्र मागून म्हणाली, ‘पर भाकऱ्या सगळ्या संपल्या.’

पंधरा-वीस दिवसांनी वडील कॉलेजात आले. चेहरा गंभीर. मुलीच्या आईच्या फोनवर रात्री नऊनंतर निरोप येतात, मुलगी तासभर फोन सोडत नाही, निपाणीचे कोणी आहे म्हणते. ‘सर, तुम्ही संगं होता. हे काय आहे?’ त्यांच्या मनात काय आले असेल ते कोणत्याही मुलीच्या बापाला सांगायला नको. मी म्हटले, अहो, तिलाच विचारा, फोन दाखव म्हणा. तिने दाखवला. वहीच्या पानाचे फोटो होते. वर्तुळात वर्तुळ, त्यात त्रिकोण, खाली मराठीत ‘हे पटतंय का बघ’, त्याखाली आमचीचे उत्तर, ‘पटलं नाही, दुसरी ओळ चुकली’. मधेच एक कन्नड ओळ, निपाणीची मुलगी शिकत असलेली, आणि तीतली चूक आमचीने तांबड्या रेघेने दुरुस्त केलेली. वडिलांनी वरपासून खालपर्यंत बोटाने सरकवत सगळे पाहिले. शिकलेले फार नाहीत, पण अक्षर ओळखतात. शेवटी एवढेच विचारले, ‘ही कुणाची पोर?’ मी सांगितले, तिथल्या एका तंबाखूच्या शेतकऱ्याची. ‘हां,’ म्हणाले आणि उठले.

पुढच्या स्पर्धेच्या फॉर्मवर सही मिळाली आहे. मामांचा मात्र अजून विरोध आहे, आणि ते गणेशचतुर्थीला येणार आहेत. त्या वेळी मावशीला बोलावून घेण्याचे ठरले आहे.

ज्या पालकांना चौकशी करायची आहे त्यांच्यासाठी थोडे. देशाच्या ऑलिंपियाडची पहिली पायरी म्हणजे सप्टेंबरच्या सुमारास होणारी आयओक्यूएम ही परीक्षा. तीन तास, तीस प्रश्न, प्रत्येकाचे उत्तर दोन आकडी संख्या. त्यानंतर विभागीय आणि राष्ट्रीय पातळी. अभ्यासाला संख्याशास्त्राचे आकडेवारीचे प्रकार किंवा कॅल्क्युलस लागत नाही. संख्या, बीजगणित, भूमिती आणि मोजण्याच्या युक्त्या लागतात. आठवीपासून बसता येते. शाळेच्या मुख्याध्यापकांना जूनमध्येच विचारा, ऑगस्टमध्ये विचारून उपयोग नसतो. सोबतीला माणूस जात असेल तर बोलके बघून पाठवा. आणि डबा दोन माणसे जास्तीची धरून द्या.

रेल्वेतल्या सहा माणसांचे कोडे आवडलेल्यांसाठी त्याच घराण्यातले एक मोठे कोडे देतो. हे १९६४ साली मॉस्कोच्या ऑलिंपियाडमध्ये आले होते. सतरा माणसे आहेत. प्रत्येक जण बाकीच्या सगळ्यांना पत्रे लिहितो. पत्रांत विषय तीनच, आणि कोणतीही जोडी एकमेकांशी एकाच विषयावर लिहिते. दाखवून द्या, की अशी तिघे तरी सापडतील जी आपापसांत एकाच विषयावर लिहितात. सुरुवात रेल्वेतल्यासारखीच करायची: एक माणूस धरा, राहिले सोळा. उत्तर पुढच्या आठवड्यात. ते मी लिहिणार नाही, मुलगी लिहून देणार आहे.